लुइसा फेर्नान्दा कोणाची? सार्सुएलातील नाती आणि त्यांचा प्रेक्षक

२६ मार्च १९३२ या दिवशी स्पॅनिश भाषेतील दोन संगीत नाटके अटलांटिक महासागराच्या दोन काठांवर प्रथम रंगमंचावर आली. माद्रिदच्या कालदेरॉन नाट्यगृहात फेदेरीको मोरेनो तोर्रोबा यांनी संगीत दिलेल्या ‘लुइसा फेर्नान्दा’चा पहिला प्रयोग झाला, तर हवानाच्या मार्ती नाट्यगृहात गोन्सालो रोईग यांच्या ‘सेसिलिआ वाल्देस’चा. या दोन प्रयोगांचा परस्परांशी काही संबंध नव्हता; तारीख एक असणे हा केवळ योगायोग होता. तरीही दोन्ही नाटकांची घडण शेजारी ठेवून पाहिली, तर काही साम्ये सहज लक्षात येतात. दोन्ही कथा सरलेल्या शतकातील आहेत. दोहोंच्या केंद्रस्थानी एक स्त्री आणि तिच्यावर जीव जडलेले दोन पुरुष आहेत. आणि दोहोंत, ज्या पुरुषाच्या पदरी शेवटी काहीच पडत नाही, त्याला संगीतकाराने आणि प्रेक्षकाने आपली सहानुभूती देऊ केली आहे.

स्पॅनिश संगीत रंगभूमीचा इतिहास बहुधा संगीतकार, नाट्यगृहे आणि राजाश्रय यांच्या आधाराने सांगितला जातो. त्या इतिहासाला प्रेक्षकाची म्हणून एक बाजू आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. हा प्रेक्षक कथानकाच्या गुंत्यात फारसा अडकत नसे. शेवट काय होणार हे त्याला पहिल्या प्रवेशातच कळलेले असे. तो गुंतत असे तो पात्रांच्या परस्परसंबंधात. कोण कोणावर रुसले, कोणी कोणाला क्षमा करावी, कोणाचे प्रेम खरे, याविषयी त्याची ठाम मते असत, आणि पडदा पडल्यावरही ती नाती तो आपल्याबरोबर घरी नेत असे. अशा लोभाला उथळ करमणूक समजून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु वर्ग, वर्ण आणि राष्ट्र यांविषयीचे जे प्रश्न उघडपणे विचारणे अवघड होते, ते या प्रेक्षकाने प्रेमिकांच्या जोड्यांमधून विचारले, हे ध्यानात घेतले म्हणजे या लोभाचे मोल कळते.

गद्य संवाद आणि गाणी यांची सरमिसळ असलेल्या या नाट्यप्रकाराला ‘सार्सुएला’ म्हणतात. माद्रिदच्या उच्चारात तो शब्द ‘थार्थुएला’ असा ऐकू येतो. ‘सार्सा’ म्हणजे काटेरी झुडूप. अशा झुडपांच्या रानात माद्रिदजवळ असलेल्या राजाच्या मृगयागृहावरून हे नाव पडले. सतराव्या शतकात, चौथ्या फिलिपच्या काळी, तेथे कालदेरॉन दे ला बार्काने देवदेवतांच्या कथांवर रचलेले खेळ होत असत. पुढे इटालियन ऑपेराच्या लाटेत हा प्रकार मागे पडला. १८५१ साली फ्रान्सिस्को आसेन्खो बार्बिएरीच्या ‘खुगार कोन फुएगो’ने, म्हणजे ‘आगीशी खेळ’ने, त्याला पुन्हा उभारी आली आणि १८५६ मध्ये माद्रिदमध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र नाट्यगृह उघडले. बार्बिएरीच्याच ‘एल बार्बेरिल्यो दे लावापिएस’ (१८७४) या नाटकात लावापिएस वस्तीतला न्हावी लाम्पारिल्या आणि शिवणकाम करणारी पालोमा ही जोडी एका थोर घराण्यातील जोडीच्या बरोबरीने उभी केलेली आहे. प्रेक्षकाच्या स्मरणात मात्र मुख्यतः न्हावी आणि शिवणकामवालीच राहिली. पुढे जे घडायचे होते, त्याची ही पूर्वखूण म्हणता येईल.

प्रेक्षक आणि पात्र यांच्यातील जवळीक वाढण्यास एक व्यावहारिक कारणही घडले. १८६० च्या दशकाच्या अखेरीस माद्रिदमधील काही नटांनी ‘तासाचे नाटक’ सुरू केले. संपूर्ण रात्रीच्या एका लांब खेळाऐवजी सुमारे तासाभराचे चार एकांकी खेळ लावायचे आणि प्रत्येकाचे तिकीट वेगळे, अगदी स्वस्त ठेवायचे, अशी ही योजना होती. पैसे नसलेला माणूस एक खेळ पाहून घरी जाई. ज्याला वेड लागले असेल तो आवडता खेळ पुनःपुन्हा पाही. या छोट्या सार्सुएलांना ‘खेनेरो चीको’, म्हणजे लघुप्रकार, असे नाव पडले. १८७३ मध्ये आल्काला रस्त्यावर उघडलेले आपोलो नाट्यगृह हे त्याचे प्रमुख पीठ ठरले. तेथला रात्रीचा चौथा आणि शेवटचा खेळ उनाड, हौशी आणि जाणकार अशा मिश्र प्रेक्षकांसाठी प्रसिद्ध होता. खेळ पसंत पडला तर गाणे पुन्हा म्हणायला लावायचे आणि नापसंत पडला तर पायांनी जमीन बडवून तो बंद पाडायचा, हे दोन्ही अधिकार हा प्रेक्षक मोकळेपणाने वापरी.

या प्रेक्षकाला स्वतःची म्हणावी अशी पहिली मोठी जोडी १७ फेब्रुवारी १८९४ रोजी आपोलोमध्ये मिळाली. ‘ला वेर्बेना दे ला पालोमा’ या नाटकाची संहिता रिकार्दो दे ला वेगा यांची होती. संगीत रुपेर्तो चापी देणार होते; परंतु नाट्यगृहाच्या चालकांशी त्यांचे बिनसले आणि काम तोमास ब्रेतॉन यांच्याकडे आले. स्पेनची स्वतःची भारदस्त ऑपेरा निर्माण व्हावी, या ध्यासाने झपाटलेल्या ब्रेतॉन यांनी ही लहानशी सार्सुएला फार थोड्या दिवसांत लिहून दिली. त्यांचे नाव पुढे टिकले ते मुख्यतः तिच्यामुळे.

कथा एका रात्रीची आहे. ऑगस्टच्या मध्यावर ‘पालोमाच्या माउली’चा उत्सव असतो. उकाड्याने हैराण झालेली वस्ती रस्त्यावर आलेली आहे. छापखान्यात खिळे जुळवणारा खूलिआन सुसानावर प्रेम करतो; सुसाना आणि तिची बहीण कास्ता मात्र एका म्हाताऱ्या, पैसेवाल्या औषधविक्याबरोबर, दोन इलारिओनबरोबर, उत्सवाला निघाल्या आहेत. मत्सराने पेटलेल्या खूलिआनला सेन्या रीता ही गुत्तेवाल्याची बायको आईच्या मायेने आवरू पाहते. शेवटी उत्सवाच्या गर्दीत खूलिआन आणि सुसाना समोरासमोर येतात. मनिलाची भरतकाम केलेली रेशमी शाल पांघरून ती कुठे चालली आहे, एवढीच त्याची विचारणा असते, आणि तिचे उत्तर तितकेच बेदरकार. या भांडणाचे युगुलगीत अल्पावधीत नाट्यगृहाबाहेर पडले. हाताने फिरवायच्या वाद्यपेट्या घेऊन हिंडणाऱ्या वादकांनी ते गल्लोगल्ली नेले.

या जोडीवर माद्रिदने एवढा लोभ का केला, याचे उत्तर खूलिआनच्या धंद्यात शोधता येते. छापखान्यातील जुळारी हा त्या काळच्या कामगारांमधला वाचणारा, विचार करणारा घटक होता. १८७९ मध्ये माद्रिदच्या एका गुत्त्यात स्पेनचा समाजवादी पक्ष स्थापन झाला, तेव्हा त्याचा नेता पाब्लो इग्लेसिआस हा जुळारीच होता आणि त्याच्या सोबत्यांतही छापखान्यातले पुष्कळ जण होते. ‘ला वेर्बेना’मध्ये राजकारणाचा एक शब्द नाही. पण कष्टकऱ्याच्या मत्सराला आणि मानापमानाला त्यात जी प्रतिष्ठा दिली आहे, ती तोपर्यंत रंगमंचावर उमरावांच्या भावनांना मिळत असे. दोन इलारिओन विनोदी आहे, लाघवीही आहे; तरी त्याच्या पैशापुढे खूलिआनचे प्रेम हरू नये, असे वरच्या गॅलरीत बसलेल्या प्रेक्षकाला वाटणे स्वाभाविक होते. सुसानाचा स्वाभिमानही त्याला तितकाच प्रिय होता. ती खूलिआनची मालमत्ता नाही, हे ती त्याला ऐकवते, आणि त्यानंतरच दोघांचा समेट होतो. आजही ऑगस्टमध्ये पालोमाच्या उत्सवात लोक त्या नाटकातल्यासारखा वेश करून येतात. नाटकाने उत्सवावरून कथा घेतली आणि उत्सवाने नाटकावरून पोशाख घेतला.

‘ला वेर्बेना’ हातची गेलेल्या चापी यांनी तीन वर्षांनी, २५ नोव्हेंबर १८९७ रोजी, त्याच आपोलोमध्ये ‘ला रेवोल्तोसा’ सादर केली. होसे लोपेस सिल्वा आणि कार्लोस फेर्नान्देस शॉ हे तिचे संहिताकार. हे नाटक माद्रिदच्या ‘कोर्राला’मध्ये घडते. मध्ये चौक, भोवती लाकडी सज्जांचे मजले, प्रत्येक सज्ज्यावर ओळीने खोल्या आणि एकाचे घरातले बोलणे दुसऱ्याच्या कानी, अशी ही वस्ती असते. गिरगाव-परळच्या चाळींशी परिचित असलेल्या वाचकाला तिचे अधिक वर्णन करण्याची गरज नाही. तेथे राहायला आलेल्या मारी-पेपाने चाळीतल्या सगळ्या पुरुषांना वेड लावले आहे. फेलीपे तेवढा तिच्याकडे पाहत नाही, आणि ती त्याच्याकडे पाहत नाही. दोघेही परस्परांवर अनुरक्त आहेत आणि दोघेही ते कबूल करायला तयार नाहीत. चाळीतल्या बायका आपल्या नवऱ्यांना धडा शिकवण्याचा बेत रचतात, त्यातून खेळातला विनोद उभा राहतो. त्या गोंगाटाच्या मध्यावर मारी-पेपा आणि फेलीपे यांचे युगुलगीत येते. त्यात दोघांचा अहंकार कडव्यागणिक विरघळत जातो.

या ठिकाणी एक बारकावा नोंदवण्यासारखा आहे. ‘ला वेर्बेना’मधला खूलिआन आणि ‘ला रेवोल्तोसा’मधला फेलीपे या दोन्ही भूमिका प्रथम एमिलिओ मेसेखो यांनीच केल्या. नायिका मात्र निराळ्या होत्या; सुसाना लुइसा काम्पोस यांनी रंगवली आणि मारी-पेपा इसाबेल ब्रू यांनी. तीन वर्षांपूर्वी मत्सराने तडफडलेला तोच चेहरा आता मुद्दाम बेपर्वाईचा आव आणताना आपोलोच्या नित्याच्या प्रेक्षकाला दिसला. एका नाटकातले नाते दुसऱ्या नाटकातल्या नात्याला अर्थ पुरवू लागले. अशी स्मृती असलेला प्रेक्षकवर्ग तयार झाला, की नाटककारालाही तिचा विचार करूनच लिहावे लागते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ३७ वर्षांनंतर मिळतो. १३ नोव्हेंबर १९३४ रोजी माद्रिदच्या फुएन्कारॅल नाट्यगृहात पाब्लो सोरोसाबाल यांची ‘ला देल मानोखो दे रोसास’, म्हणजे ‘गुलाबांच्या गुच्छवाली’, रंगमंचावर आली. हे शीर्षक म्हणजे फेलीपेने मारी-पेपाला दिलेले एक संबोधन आहे आणि ते चापी यांच्या त्या प्रसिद्ध युगुलगीतातून उचललेले आहे. शीर्षकाचा उगम प्रेक्षकाला सांगावा लागला नाही. नवी नायिका आसेन्सिओन हिचे फुलांचे दुकान आहे. आपण लग्न करू ते कष्टाची भाकरी खाणाऱ्या माणसाशीच, असा तिचा निर्धार. तिचा आवडता होआकीन हा मोटारदुरुस्तीच्या कारखान्यातला कामगार असल्याचे ती समजते; प्रत्यक्षात तो कामगाराचा वेश घेतलेला श्रीमंत घरचा मुलगा निघतो. फसवणूक उघड होताच ती त्याला दूर करते. त्याच्या घराण्याचा पैसा बुडून त्याला खरोखरच कामाला जावे लागते, तेव्हाच दोघांचा मार्ग मोकळा होतो. १८९७ ची प्रीती ही चाळीतल्या दोन समान माणसांची होती. १९३४ मध्ये, प्रजासत्ताकाच्या तणावग्रस्त वर्षांत, प्रीतीपूर्वी वर्गाचा हिशोब पुरा करणे आवश्यक झाले होते. जुन्या जोडीची आठवण जागवूनच सोरोसाबाल आणि त्यांच्या संहिताकारांनी हा बदल प्रेक्षकापुढे मांडला. या नाटकातला पहिला होआकीन होता वीस वर्षांचा लुईस सागी-वेला. त्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

आता ‘लुइसा फेर्नान्दा’कडे वळता येईल. तिचे संहिताकार फेदेरीको रोमेरो आणि गिल्येर्मो फेर्नान्देस-शॉ. यांतील दुसरे हे ‘ला रेवोल्तोसा’च्या कार्लोस फेर्नान्देस शॉ यांचे चिरंजीव. नाटकाचा काळ १८६८ च्या क्रांतीचा आहे. त्या क्रांतीने राणी दुसऱ्या इसाबेलला देश सोडायला लावले. लुइसा फेर्नान्दाचे खाविएरवर प्रेम आहे. खानावळीतला एकेकाळचा साधा पोऱ्या सैन्यात चढत चढत कर्नल झाला आहे आणि आता राजपक्षाच्या एका डचेसच्या नादी लागून तिला विसरला आहे. अशा वेळी एस्त्रेमादुरा प्रांतातला विदाल एर्नान्दो हा मध्यमवयीन, सधन जमीनदार बायको शोधायला माद्रिदला येतो आणि लुइसा फेर्नान्दावर जीव लावतो. त्याला राजकारणाचे काही नाही. प्रतिस्पर्धी राजपक्षात म्हणून तो क्रांतिपक्षात जातो. तिसऱ्या अंकात विदालच्या शेतवाडीवर लग्नाची तयारी चालू असताना हरलेला खाविएर येतो. लुइसा फेर्नान्दा त्याला शब्दांनी नाकारते. तिचे मन कोठे आहे हे विदालला मात्र दिसते, आणि तो तिला जाऊ देतो. गडीमाणसे गात-नाचत असताना तो एकटा उरतो.

संहितेने नायिका खाविएरला दिली. संगीतकाराने नाटक विदालला दिले. खाविएर टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुषकंठ, आणि विदाल बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचा. ऑपेराच्या रूढीप्रमाणे प्रेमिकाचा मान टेनरचा असतो. मोरेनो तोर्रोबा यांनी आपल्या उत्कृष्ट चाली बॅरिटोनला दिल्या आणि अखेरचा शब्दही त्यालाच दिला. रसिक आणि समीक्षक विदालच्या बाजूने बोलत आले आहेत, त्याचे मूळ येथे आहे. लुइसा फेर्नान्दाने योग्य केले की अयोग्य, हा वाद सार्सुएलाच्या चाहत्यांमध्ये जिवंत राहिला. कारण तो कान आणि कथानक यांच्यातला वाद आहे: कथानक एक सांगते, कानाला दुसरेच पटते.

परंतु या सहानुभूतीला एक बोचरी बाजू आहे. १४ एप्रिल १९३१ रोजी स्पेनमध्ये प्रजासत्ताक जाहीर झाले आणि राजा तेरावा आल्फोन्सो देशाबाहेर गेला. सिंहासन सोडून जाणाऱ्या राणीचा काळ १९३२ च्या प्रेक्षकाला जुना वाटण्यासारखा नव्हता. त्याच वर्षी संसदेत जमीनसुधारणेच्या कायद्यावर कडाक्याचे वाद चालू होते. सप्टेंबरमध्ये तो संमत झाला. मोठ्या जमिनी आणि भूमिहीन मजूर यांचा प्रश्न ज्या प्रांतांत सर्वांत तीव्र होता, त्यांत एस्त्रेमादुरा अग्रभागी होता. सकाळी वर्तमानपत्रात एस्त्रेमादुरातील भूमिहीनांची बातमी वाचणारा माद्रिदकर रात्री एस्त्रेमादुराच्या जमीनदारासाठी डोळे पुसत होता. विदालच्या शेतावरचे मजूर आनंदाने गातात. त्यांना जमीन हवी आहे का, हे त्यांना कोणी विचारत नाही. यात प्रेक्षकाचा दांभिकपणा पाहण्याचे कारण नाही. मालक आणि मजूर यांच्यात ज्या समजूतदारपणाची आशा मावळत चालली होती, ती त्याने विदालच्या त्यागात पाहिली असावी. जवळ असलेले सोडून देणारा मालक, ही त्या वर्षी मोठीच कल्पना होती. चार वर्षांनी यादवी युद्ध सुरू झाले.

हवानाच्या ‘सेसिलिआ वाल्देस’मध्ये प्रश्न वर्णाचा होता. कथा सिरीलो व्हिल्यावेर्दे यांच्या कादंबरीवरून घेतलेली आहे. तिचे पहिले रूप १८३९ मध्ये आणि पूर्ण रूप १८८२ मध्ये न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाले. सेसिलिआ ही गोरी म्हणून खपून जाईल अशी मिश्रवर्णी मुलगी आहे. गुलामांच्या श्रमावर श्रीमंत झालेल्या घराण्यातला लेओनार्दो गाम्बोआ तिचा प्रियकर. तो तिचा सावत्र भाऊ आहे, हे दोघांनाही ठाऊक नाही. तिच्यावर निःशब्द प्रेम करणारा होसे दोलोरेस पिमिएन्ता मिश्रवर्णी आहे, शिंपी आणि वादकही आहे. लेओनार्दो आपल्या वर्णाच्या, आपल्या दर्जाच्या इसाबेलशी विवाह करायला निघतो, तेव्हा होसे दोलोरेस त्याचा खून करतो.

क्यूबात गुलामगिरी १८८६ मध्ये संपली. १९३२ च्या प्रेक्षागृहात गुलामीत जन्मलेली माणसे अजून बसू शकत होती. त्या काळी हवानाच्या लोकप्रिय रंगभूमीवर काळ्या पात्रांच्या भूमिका चेहऱ्याला रंग फासलेले गोरे नट करीत, हेही विसरता येत नाही. एकीकडे मिश्रवर्णी नायिकेचे दुःख टाळ्या घेई आणि दुसरीकडे तिच्या वर्णाच्या माणसाला त्याच मंचावर जागा मिळणे कठीण असे. तरीसुद्धा या नाटकाने एक गोष्ट साधली. सेसिलिआ आणि लेओनार्दो यांची जोडी जमावी, असे ज्या प्रेक्षकाला वाटते, त्यालाच ती जोडी का जमू शकत नाही हे जाणून घेणे भाग पडते. वडिलांनी लपवलेले पाप, कातडीच्या छटेवर ठरणारी पत आणि विवाहाची बाजारपेठ यांचा उलगडा झाल्याशिवाय त्या प्रेमाचा अंत समजतच नाही. एर्नेस्तो लेकुओना यांच्या ‘मारीआ ला ओ’ (१९३०) या सार्सुएलातही मिश्रवर्णी स्त्री आणि तिला सोडून जाणारा गोरा प्रियकर असेच नाते आहे. एकच नाते अल्पकाळात पुनःपुन्हा रंगमंचावर येते, तेव्हा समाजाच्या मनात काही सलत असते.

स्पॅनिश जहाजांबरोबर सार्सुएला आशियातही आली. १८७० च्या दशकाच्या अखेरीस मनिलामध्ये स्पॅनिश भाषेतील प्रयोग होऊ लागले आणि स्थानिक नटांनी तो प्रकार आत्मसात केला. पुढे तो तागालोग भाषेत उतरला, तेव्हा नात्यांवरचा लोभही त्याबरोबर आला. सेवेरिनो रेयेस यांचे ‘वालांग सुगात’ १४ जून १९०२ रोजी मनिलात प्रथम झाले. शीर्षकाचा अर्थ ‘जखम नाही’. स्पॅनिश पाद्र्यांच्या छळाने वडील गमावलेला तेन्योंग १८९६ च्या उठावात सामील होतो; मागे राहिलेल्या जूलिआचे लग्न तिच्या मनाविरुद्ध दुसऱ्याशी ठरते. लग्नाच्या दिवशी तेन्योंगला मरणासन्न अवस्थेत आणले जाते. मरण्यापूर्वी जूलिआशी विवाह व्हावा, एवढीच त्याची इच्छा. पाद्री ती मान्य करतो, विवाह लागतो आणि नवरा ताडकन उठून उभा राहतो. अंगावर जखम नाही! स्पॅनिश सत्ता जाऊन अमेरिकन सत्ता आलेली, क्रांती चिरडलेली, अशा वेळी हा प्रयोग झाला. मेला असे ज्याला समजले तो जिवंत निघाला, यावर मनिलाच्या प्रेक्षकाने केलेला जयघोष केवळ एका जोडप्यासाठी नव्हता, हे सांगायला नको. माद्रिदचा खूलिआन आणि मनिलाचा तेन्योंग हे एकाच नाट्यप्रकाराचे पुत्र. एकाला शालीचे भांडण पुरले, दुसऱ्याला देश लागला.

यादवी युद्धानंतरच्या स्पेनमध्ये नव्या सार्सुएलांचा ओघ आटत गेला. जुन्या कृती ध्वनिमुद्रिकांत आणि रेडिओवर जगल्या. १९५० च्या दशकात आताउल्फो आर्खेन्ता यांच्या वाद्यवृंदसंचालनाखाली झालेली मुद्रणे घरोघर पोचली. फ्रँकोच्या राजवटीने या नाटकांकडे निरुपद्रवी, रंगीत गतकाळ म्हणून पाहिले, आणि त्यांतील वर्गाचा दाह बराचसा झाकला गेला. तरी नात्यांवरचा लोभ दुसऱ्या वाटेने पुढे गेला. १९६६ मध्ये न्यूयॉर्कहून आलेले ‘एल ओम्ब्रे दे ला मान्चा’ हे संगीत नाटक माद्रिदच्या सार्सुएला नाट्यगृहातच झाले. त्यात दोन किखोते झाला तो लुईस सागी-वेला, १९३४ चा होआकीन, आणि आल्दोन्सा झाली नाती मिस्त्राल. सेर्वान्तेसचा नायक परदेशी संगीत लेवून आपल्या घरी आला आणि त्याचे स्वागत सार्सुएलाच्या जुन्या गायकाने केले.

६ नोव्हेंबर १९७५ रोजी माद्रिदच्या आल्काला-पालास नाट्यगृहात ‘हेसुक्रिस्तो सुपेरस्तार’ आले. कामिलो सेस्तो ख्रिस्ताच्या, आन्खेला कार्रास्को मग्दालेनाच्या आणि तेद्दी बाउतिस्ता यहूदाच्या भूमिकेत होते. फ्रँकोचा मृत्यू २० नोव्हेंबरचा, म्हणजे अवघ्या दोन आठवड्यांनंतरचा. येथेही तिघेच आहेत: एक ज्याच्यावर सगळ्यांचे प्रेम, एक जी त्याच्यावर प्रेम करताना गोंधळते, आणि एक जो प्रेमापोटीच त्याचा घात करतो. मग्दालेनाच्या प्रेमाला मानवी स्वर दिला म्हणून सनातनी कॅथलिक मंडळी संतापली. तरुण प्रेक्षकाने त्याच कारणासाठी त्या नाटकाला डोक्यावर घेतले. पात्रांच्या नात्याविषयी मत असणे म्हणजे अप्रत्यक्षपणे येणाऱ्या काळाविषयी मत असणे, हे त्या पंधरवड्यात विशेष प्रकर्षाने दिसले.

नाटक कोणाचे, हा प्रश्न स्पॅनिश संगीत रंगभूमीवर कायद्याच्या भाषेतही विचारला गेला आहे. प्रकाशकांच्या हाती एकवटलेले हक्क सोडवून घेण्यासाठी चापी, सिनेसिओ देल्गादो प्रभृतींनी १८९९ मध्ये स्पॅनिश लेखकांची संस्था स्थापन केली. संहिता आणि स्वर यांचे स्वामित्व तिने निश्चित केले. नात्यांचे स्वामित्व मात्र कोणत्याही नोंदवहीत चढवता आले नाही. ते ऐकणाऱ्यांच्या आणि गाणाऱ्यांच्या पिढ्यांतून वाहत राहिले. १९३२ चा पहिला विदाल होता एमिलिओ सागी-बार्बा, लुईस सागी-वेलाचा पिता. २००६ मध्ये माद्रिदच्या तेआत्रो रेआलमध्ये ‘लुइसा फेर्नान्दा’ पुन्हा उभी राहिली, तेव्हा तिचे दिग्दर्शन केले ते सागी-बार्बाचे नातू एमिलिओ सागी यांनी. विदाल गायला प्लासिदो दोमिंगो. त्याचे आईवडील मोरेनो तोर्रोबा यांच्याच मंडळीबरोबर १९४६ मध्ये मेक्सिकोला गेले आणि तेथेच राहिले. दोमिंगोने १९९० च्या दशकातील एका ध्वनिमुद्रणात खाविएर गायला होता. ज्याला नायिका मिळते त्या भूमिकेकडून, ज्याला ती मिळत नाही त्या भूमिकेकडे असा त्याचा प्रवास झाला. गायकाच्या वाढत्या वयाने आणि उतरत्या पट्टीने तो घडवला, हे खरेच. पण १९३२ पासून प्रेक्षकाचे मन ज्या बाजूला झुकले होते, त्या बाजूला तो अखेर येऊन पोचला, हेही तितकेच खरे आहे.